आवृत्ती १४२ आणि न उठणारा अंगठा

तहसीलसमोरचं सेवा केंद्र. चार मशीन, एकच इंटरनेट, आणि समोर रांग. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर पडायचं तर अनेकांना आधी केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, आणि केवायसीला अंगठा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी चारपैकी दोन मशीन अंगठा घेईनात. दुसऱ्या दिवशी तिसरंही बसलं. चालू राहिलं ते फक्त कोपऱ्यातलं विंडोज ७ चं खटारं, जे एरवी झेरॉक्सच्या स्कॅनसाठी ठेवलेलं असतं.

केंद्राचं नाव इथे नाही, कारण ते नमुन्यादाखल घेतलं आहे. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, कुठल्याही तालुक्याच्या गावात ही मांडणी सापडेल: विंडोज १० ची दोन मशीन, विंडोज ११ चं एक, विंडोज ७ चं एक, चारही ठिकाणी गूगलचा क्रोम ब्राउझर, आणि प्रत्येकाला यूएसबीने जोडलेलं बोटाएवढ्या काचेचं थंब डिव्हाइस.

बिघाडाचं मूळ होतं क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीत. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी सर्वांसाठी सुटली आणि टप्प्याटप्प्याने मशीनवर उतरली. म्हणूनच एकाच टेबलावरची दोन मशीन एका दिवशी पडली आणि तिसरं दुसऱ्या दिवशी. पण हे कळायला वेळ लागला, कारण तोवर संशय भलतीकडेच फिरत होता.

संशय कुठे कुठे गेला

पहिला संशय बोटावर. तो चूक म्हणता येणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, वय झालेल्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. "आजी, बोट पदराला पुसा अन् जरा दाबून धरा." "दाबलंय की बाबा, अजून किती दाबू?" या आजींची दहाही बोटं लावून झाली. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटली: डिव्हाइसचा लाल दिवा पेटतच नव्हता. दिवा पेटला नाही म्हणजे बोट वाचायची वेळच आली नव्हती. ती काच तेव्हा नुसती काच होती.

पडद्यावर येणाऱ्या एरर कोडचा आकडा नीट वाचला असता तर इथेच उलगडा झाला असता. ३०० आला तर बोट वाचलं गेलं, आधारच्या सर्व्हरपर्यंत पोचलं, पण जुळलं नाही. मग दुसरं बोट लावा, ओलसर फडक्याने पुसा. ७०० आला तर ठरलेल्या वेळात बोट मिळालं नाही. ७२० आला तर डिव्हाइस तयार नाही. केबल, ड्रायव्हर, नोंदणी बघा. इथे यातलं काहीच नव्हतं. "आरडी सर्व्हिस (डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम) सापडली नाही" अशा अर्थाची एवढीच ओळ, आकडा नाही. आकडा नाही याचा अर्थ डिव्हाइसपर्यंत निरोपच गेलेला नाही.

दुसरा संशय डिव्हाइसवर. खटाऱ्याचं चालू डिव्हाइस काढून पहिल्या मशीनला लावलं, तरी तेच. पहिल्याचं "बिघडलेलं" डिव्हाइस खटाऱ्याला लावलं, तर ते चाललं. पाच मिनिटांच्या या अदलाबदलीने नवीन डिव्हाइसचा खर्च वाचला. अशा वेळी आधी अदलाबदल करावी, मग दुकान गाठावं.

तिसरा संशय विंडोज १० वर, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट संपवला होता आणि ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. पण विंडोज ११ चं मशीनही बसल्यावर तो संशय गळून पडला. मग शेवटी आपला नेहमीचा "सर्व्हर डाऊन". सर्व्हर डाऊन असता तर खटाऱ्यावरही काम झालं नसतं.

त्यात आणखी एक गुंता होता. त्याच पहिल्या मशीनवर डिजिटल सहीची किल्ली बिनबोभाट चालत होती. तीही यूएसबीची, तिचाही प्रोग्राम मशीनच्या पोटातच बसलेला. मग अंगठ्याचंच असं का? तर सहीचा तो प्रोग्राम पानाशी वेबसॉकेटने, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या जोडणीने बोलतो, आणि १४२ च्या नव्या नियमात वेबसॉकेट घेतलेले नव्हते.

अंगठ्याची वाट

केवायसीच्या पानावर "कॅप्चर" दाबलं की ब्राउझर थेट डिव्हाइसशी बोलत नाही. डिव्हाइसच्या कंपनीने मशीनवर टाकलेला एक छोटा प्रोग्राम मागे सतत जागा असतो, त्याला आरडी सर्व्हिस म्हणतात. आधार प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे तो मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, अकरा हजार शंभर ते अकरा हजार एकशे वीस या क्रमांकांच्या दारांपैकी, म्हणजे पोर्टांपैकी, एका दारावर बसतो. पोर्टलचं पान एकेक दार ठोठावत जातं: इथे आरडी सर्व्हिस आहे का? सापडली की डिव्हाइसची माहिती विचारतं, मग कॅप्चरचा हुकूम. सर्व्हिस बोट वाचते, तिथेच कुलूपबंद करते आणि ते पाकीट पानाच्या हाती देते. पान ते पुढे पाठवतं.

म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून आलेलं एक पान तुमच्या मशीनच्या पोटातल्या प्रोग्रामचं दार वाजवतं. अंगठ्यासाठी हे सोयीचं, पण हीच सोय कुठल्याही पानाला होती. एखादं भुरटं पान तुमच्या घरच्या राउटरचं दार वाजवून त्याची सेटिंग बदलायचा प्रयत्न करू शकत होतं. जून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की मेटा आणि यांडेक्स यांची अँड्रॉइड ॲप फोनच्या याच आतल्या पत्त्यावर कान लावून बसत, आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांवरचे त्यांचे कोड ॲपला आतल्या आत निरोप देत. वापरणाऱ्याला पत्ता नाही.

१४२ पासून क्रोमने नियम केला: बाहेरच्या पानाला आतलं दार वाजवायचं असेल तर आधी वापरणाऱ्याची परवानगी. तीही फक्त एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणीच्या पानालाच मागता येईल. साध्या एचटीटीपी पानाला विचारायचीही सोय नाही, थेट नकार.

नियम रास्त आहे. सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर तो उशिराच आला. पण केंद्रात तो कसा दिसला? पत्त्याच्या पट्टीखाली एक इंग्रजी चौकट उगवली: हे पान तुमच्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांना जोडू इच्छितं, परवानगी द्यायची की अडवायची? समोर बावीस माणसं, फोनवर रोज फसवणुकीच्या बातम्या, आणि "अनोळखी चौकटीला हो म्हणायचं नाही" ही शिकवण तोंडपाठ. ऑपरेटरने "अडवा" दाबलं. शहाण्या माणसाने तेच दाबलं असतं. क्रोमने ते लक्षात ठेवलं आणि त्या पोर्टलसाठी पुन्हा विचारलंच नाही. चौकट एकदाच आली, दोन सेकंदांत गेली, आणि तासाभराने ती कुणाच्या आठवणीतही नव्हती.

दुरुस्ती

आधी सर्व्हिस जागी आहे का ते पाहावं. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत डिव्हाइस कंपनीच्या नावाची आरडी सर्व्हिस "रनिंग" दिसली पाहिजे. दिसत नसेल तर हा सगळा लेख तुमच्या कामाचा नाही; ती सुरू करा, नाहीतर पुन्हा टाका.

सर्व्हिस जागी असेल तर पोर्टलचं पान उघडून पत्त्याच्या डावीकडचं, दोन आडव्या सरकपट्ट्यांचं चिन्ह दाबा, साइट सेटिंगमध्ये जा, (१४२ मध्ये) लोकल नेटवर्कची ओळ शोधा आणि "अडवा"चं "परवानगी" करा. पान ताजं करा. डिव्हाइसचा दिवा पेटला की झालं. पहिल्या दोन मशीनवर एवढ्याने काम भागलं.

तिसऱ्यावर भागलं नाही, आणि त्याची कारणं दोन. एक, तिथला ऑपरेटर दोन लॉगिन एकाच वेळी चालवायला इन्कॉग्निटो खिडकी वापरत होता. त्या खिडकीत दिलेली परवानगी खिडकी बंद केली की पुसली जाते, आणि दर वेळी चौकट नव्याने येते. त्यावर उपाय म्हणजे दोन लॉगिनसाठी क्रोमच्या दोन वेगळ्या प्रोफाइल करणं आणि दोन्हींत एकेकदा परवानगी देणं. परवानगी मशीनला नसते, प्रोफाइलला असते. शिवाय ती पत्त्यावर अडकलेली असते: आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता क्रोमच्या लेखी दोन वेगळी पानं.

दुसरं कारण चिवट. एका पोर्टलवर अंगठ्याची खिडकी मुख्य पानाची नसून पोटात बसवलेल्या दुसऱ्या डोमेनच्या चौकटीची, म्हणजे आयफ्रेमची होती. मुख्य पानाला परवानगी दिली तरी ती आतल्या पानाकडे आपोआप जात नाही; पोर्टल बनवणाऱ्याने त्या आयफ्रेमवर तसं लिहून द्यावं लागतं. केंद्रात बसून यावर कायमचा इलाज नाही. १४२ मध्ये क्रोमच्या फ्लॅग्जच्या (प्रायोगिक सेटिंगच्या) पानावर ही तपासणी बंद करायचा तात्पुरता खटका होता, पण त्याने सगळ्याच पानांना आतलं दार मोकळं होतं. शिवाय फ्लॅग्ज पुढच्या एखाद्या आवृत्तीत गुपचूप नाहीसे होतात.

आयफ्रेमवालं पोर्टल सोडून बाकीच्यांसाठी त्यापेक्षा बरी वाट धोरणाची, म्हणजे क्रोमच्या पॉलिसीची. विंडोजच्या रजिस्ट्रीत, पॉलिसीजच्या खाली गूगल, त्याखाली क्रोम, तिथे "लोकल नेटवर्क ॲक्सेस अलाउड फॉर यूआरएल्स" (इंग्रजीत सलग: LocalNetworkAccessAllowedForUrls) या नावाची की तयार करून तिच्यात १, २, ३ अशा नावांच्या स्ट्रिंगमध्ये रोजच्या पोर्टलचे पूर्ण पत्ते टाकायचे. क्रोम बंद करून पुन्हा उघडलं की त्या पोर्टलवर चौकट येतच नाही, त्यामुळे चुकून "अडवा" दाबायचा प्रश्नही उरत नाही. लागलं की नाही हे क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर दिसतं. चार मशीनला अर्धा तास पुरतो. यादीत फक्त सरकारी पोर्टल असावीत.

ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप गटांत अशा वेळी दोन नुस्खे हमखास फिरतात. एक, वेब सिक्युरिटी बंद करून क्रोम उघडणारा शॉर्टकट. तो वापरला तर त्या खिडकीतल्या एका पानाला दुसऱ्या पानाचा डेटा वाचता येतो, आणि केंद्राच्या खिडकीत वॉलेटचं लॉगिन उघडं असतं. दोन, कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवलेलं जुनं क्रोम. त्या फाइलच्या पोटात काय आहे कुणास ठाऊक.

खटारं का चाललं

मालकाने यातून काढलेला पहिला निष्कर्ष होता: "अपडेट करायचंच नाही. बघा, जुनंच चाललं!" दिसायला बरोबर, आणि पूर्ण उलटा.

क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडलं. १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. खटाऱ्यावर तीच गोठलेली होती, म्हणून नवा नियम तिला माहीतच नव्हता. पण म्हणूनच त्यानंतर सापडलेली क्रोममधली भगदाडंही तिथे उघडीच होती. त्या मशीनवर फक्त स्कॅन करावं; आधार, बँक आणि सही यांना तिथे जागा नको. तिथे ब्राउझर लागणारच असेल तर फायरफॉक्सने विंडोज ७ साठी ११५ ईएसआर ही दीर्घ मुदतीची शाखा क्रोमपेक्षा बराच जास्त काळ सांभाळली, ती त्यातल्या त्यात बरी.

एका कंपनीचं कॅलेंडर

आता मुद्द्याचं. कॅलिफोर्नियातली एक कंपनी एक नियम बदलते आणि मांजरा नदीच्या काठावर रांग थांबते, हे घडलं कसं? त्यासाठी याच केंद्राचे जुने दिवस पाहावे लागतील.

२ सप्टेंबर २००८ ला क्रोमची चाचणी आवृत्ती आली तेव्हा आपल्याकडच्या कॅफेत इंटरनेट एक्सप्लोररच होता, तोही बहुधा सहावा. मराठीसाठी क्रोम तेव्हा गैरसोयीचंच. कित्येक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं डायनॅमिक फॉन्टवर होती, म्हणजे ईओटी फाइलवर, आणि ती फक्त एक्सप्लोररला कळे. क्रोममध्ये अग्रलेखाच्या जागी अक्षरांचा काला दिसायचा. युनिकोडचं पान असलं तरी एक्सपीवर जोडाक्षरं तुटायची. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या टॅबवर गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली टाकायची खूण करायची, आणि मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं, जी कधीच जागेवर नसायची.

तरी क्रोम पसरलं, कारण ते खरंच चांगलं होतं. प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, त्यामुळे एक पान मेलं तर बाकीची जगायची. व्ही-८ इंजिनने जावास्क्रिप्ट झपाट्याने पळायची. कोड क्रोमियम या नावाने खुला. शंका घेणारेही पहिल्या दिवसापासून होते. मूळ करारातलं ११ वं कलम ब्राउझरमधून तुम्ही जे लिहाल त्यावर गूगलला कायमचा परवाना देत होतं. ओरड झाल्यावर एक-दोन दिवसांत ते बदललं. पत्त्याच्या पट्टीत टाइप केलेलं प्रत्येक अक्षर सुचवण्यांसाठी कंपनीकडे जातं, यावरही तेव्हाच वाद झाला. डबलक्लिक ही जाहिरात कंपनी गूगलने त्याच वर्षी मार्चमध्ये पदरात पाडून घेतली होती, आणि त्याच सप्टेंबरात अँड्रॉइडचा पहिला फोन जाहीर झाला. शोध आधीपासून हातात होताच; जाहिरात, ब्राउझर, फोन या तीन खुंट्या एकाच वर्षात ठोकल्या गेल्या.

मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकलं. पुढचा धक्का केंद्रांना २०१५ मध्ये बसला. डिजिटल सही तेव्हा जावा ॲपलेटमधून व्हायची आणि ॲपलेट एनपीएपीआय नावाच्या जुन्या खाचेत बसायचं. क्रोमने एप्रिलमध्ये ४२ व्या आवृत्तीत ती खाच मुळातच बंद ठेवली आणि सप्टेंबरमध्ये ४५ व्या आवृत्तीत काढूनच टाकली. तेव्हा पर्याय होता: सहीपुरता एक्सप्लोरर, बाकी क्रोम. एका मशीनवर दोन ब्राउझर, आणि कुठलं काम कुठे याची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ११ निवृत्त केला आणि ती चिठ्ठीही गेली.

२०१५ आणि २०२५ मधला फरक एवढाच: पर्याय उरलेला नाही. एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवरच आहे; ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे त्याच इंजिनवर. वेगळं मोठं घराणं म्हणजे ॲपलचा सफारी, जो आपल्या विंडोजवर नाहीच, आणि फायरफॉक्स. आणि फायरफॉक्सवर आपलीच कितीतरी पोर्टल "कृपया क्रोम वापरा" म्हणून दार लावतात. हा अडसर गूगलने घातलेला नाही, आपल्या पोर्टल बनवणाऱ्यांनी घातला आहे. एका ब्राउझरवर चाचणी केली की निविदेतलं काम संपतं.

कायद्याने यावर हात टाकला नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोनवर क्रोमसकट ॲपचा गठ्ठा सक्तीने बसवण्याचा मुद्दा त्यात होता. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेलं शोध यंत्र आपलंच राहावं म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटल्याचं त्या खटल्यात उघड झालं. क्रोम फुकट का, याचं उत्तर याच आकड्यात आहे: स्वतःच्या ब्राउझरमधल्या शोधासाठी कुणाला वाटा द्यावा लागत नाही. सरकारी पक्षाने क्रोम विकायला लावा अशी मागणी केली. २ सप्टेंबर २०२५ ला, क्रोमच्या बरोबर सतराव्या वाढदिवशी, मेहतांनी ती नाकारली; एकमेव हक्काच्या करारांवर बंदी आणि काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना देणं एवढ्यावर भागवलं.

दंड, खटले आपल्या जागी. केंद्राला भिडते ती वेगळी गोष्ट: दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती, ती न विचारता उतरते, आणि तिची तारीख पीक विम्याची मुदत किंवा अनुदानाची गर्दी पाहून ठरत नाही.

केंद्राने पुढे काय बसवलं

तिसऱ्या मशीनवर नेहमीच्या क्रोमच्या शेजारी क्रोम बीटा, म्हणजे पुढच्या आवृत्तीची चाचणी प्रत, टाकलं. दोन्ही एकत्र नांदतात. बीटात येणारा बदल काही आठवडे आधी दिसतो. दर सोमवारी, दार उघडण्याआधी, बीटावर पाच कामं करून पाहायची: पोर्टलचं लॉगिन, मालकाचा स्वतःचा अंगठा, एक डिजिटल सही, एक दाखला छापणं, एक पेमेंट पान उघडणं. दहा मिनिटांचं काम. एखादं अडलं तर नेहमीच्या क्रोमवर तेच अडायला अजून काही आठवडे आहेत, तोवर धोरणाच्या यादीत पत्ता टाकता येतो, नाहीतर तक्रार धाडता येते.

हजेरीच्या वहीत आता एक जादा रकाना आहे: मशीन क्रमांकासमोर क्रोमची आवृत्ती. काही बिघडलं की पहिला प्रश्न "काल कितवी होती?"

आयफ्रेमवालं पोर्टल मात्र तसंच होतं. मदत क्रमांकावर "थंब घेत नाही" एवढंच सांगितलं की "डिव्हाइस पुन्हा इन्स्टॉल करा" हेच उत्तर मिळतं. म्हणून तक्रार लिहून पाठवली, आणि तिचा मजकूर असा ठेवला: "क्रोम १४२, विंडोज ११. आरडी सर्व्हिस चालू, इतर पोर्टलवर अंगठा येतो. आपल्या पानावर अंगठ्याची खिडकी वेगळ्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये आहे. त्या आयफ्रेमच्या अलाउ गुणधर्मात लोकल-नेटवर्क-ॲक्सेस जोडावे. सोबत क्रोमच्या कन्सोलमधील चुकीच्या ओळीचे छायाचित्र." तोवर त्या एका पोर्टलची कामं फायरफॉक्सवर करून पाहिली, त्याने क्रोम वापरायला सांगितलं.